ॲपचं नोटिफिकेशन वेळेवर येतच नाही, ॲप उघडलं की सगळे एकदम उतरतात... फोन आन् लॅपटॉप दोन्हीचं, जाणकारांनी सांगा

केळीवाला_सावदा
राम राम मंडळी. त्रास जुनाच आहे पण आता पाणी गळ्याशी आलं म्हणून धागा काढतो. शेतातल्या मोटरीवर मोबाईल स्टार्टर आहे, त्याचं ॲप आहे, लाईट आली, मोटर चालू झाली, फेज गेला, मोटर कोरडी चालली की ॲपने कळवायला पाहिजे. आमच्याकडे थ्री फेजची पाळी बदलत राहते, रात्रपाळी असली की माणूस त्या नोटिफिकेशनच्या भरवशावरच झोपतो. परवा रात्री फेज गेला, मोटर बंद पडली, आन् मला कळलं सकाळी, ॲप उघडलं तेव्हा रात्रीचे सगळे मेसेज एकदम खाली उतरले. निसवणीवर (घड बाहेर पडायच्या टप्प्यावर) आलेल्या बागेला ऐन उन्हाळ्यात पाणी चुकलं तर काय होतं ते रावेर-यावलच्या माणसाला सांगायला नको.

दुसरं म्हंजे केळीच्या भावाचा ग्रुप, त्यात बऱ्हाणपूरचा आन् रावेरचा भाव पडतो, व्यापारी माल कापायला कधी येणार ते पण तिथंच टाकतो. तो ग्रुप तर वाजतच नाही.

तिसरं पोरीचं. ती जळगावला शिकते, लॅपटॉपवर कॉलेजचे मेल येतात, गुगल क्लासरूममध्ये असाइनमेंट पडतात, पण स्क्रीनच्या कोपऱ्यात काहीच दिसत नाही.

फोन बंद-चालू केला, ॲप काढून परत टाकलं, आवाज फुल आहे. गावातला एक जण म्हणतो १९०९ वर डीएनडी लावलं असेल म्हणून येत नसेल. तसं असतं का?

बोदवडकर
फॅक्टरी रिसेट मारा दादा, सगळं नवं होऊन जातं.

धुळे_मोबाईल_दुरुस्ती
रिसेट मारू नका, थांबा जरा. फोटो, बँकेची ॲपं, सगळं परत बसवत बसाल आन् ज्या सेटिंगनं त्रास होऊन राह्यला ती फोनसोबतच आलेली असते, रिसेटनंतर जशीच्या तशी परत उभी राहील.

भाऊ, आठे मन्हा दुकानवर रोज हाईच तक्रार येस, मोबाईल येगयेगळा पन दुखनं एकच शे. बठ्ठास्ले समजाले पाहिजे म्हनीसन मराठीमा लिखस.

१९०९ चं आधी मिटवू. ते जाहिरातीचे कॉल आन् एसएमएस थांबवायला असतं. ॲपचं नोटिफिकेशन इंटरनेटवरून येतं, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. फोनमधलं डू नॉट डिस्टर्ब ही वेगळी गोष्ट, ते मात्र नक्की बघा, आन् त्याच्या आत शेड्यूल बघा, झोपेच्या वेळेचा मोड एकदा कोणी लावून ठेवला की तो रोज रात्री आपोआप चालू होतो. तुमचा त्रास रात्रीचा आहे म्हणून हे पहिलं.

आता मुख्य सांगतो. नोटिफिकेशन आलं नाही म्हंजे नक्की कुठं अडकलं हे आधी ठरवा, मग सेटिंगला हात लावा. लोक उलटं करतात, दहा सेटिंग एकदम फिरवतात, मग कशानं बिघडलं आन् कशानं सुधरलं काहीच कळत नाही. घरातल्या दुसऱ्या फोनवरून स्वतःला एक मेसेज टाका, त्याआधी आपला फोन स्क्रीन बंद करून खाटेवर ठेवून द्या, चार्जिंगला लावू नका, तासभर हात लावू नका. मग स्क्रीन चालू करा पण ॲप उघडू नका. वरच्या पट्टीत मेसेज दिसतोय पण वाजला नव्हता, तर तो फोनपर्यंत आलेला आहे, दोष फक्त आवाजाच्या सेटिंगचा. पट्टीत काहीच नाही आन् ॲप उघडल्याबरोबर धाडधाड उतरले, तर फोनने त्या ॲपला झोपवलं होतं. आन् ॲप उघडूनही आलं नाही तर पाठवणाऱ्याकडं, नेटमध्ये नाहीतर लॉगिनमध्ये बघा. मोटरीचं तुमचं मधल्या प्रकारात आहे, तुम्ही स्वतःच लिहिलंय की उघडल्यावर एकदम आले. ग्रुपचं मला वेगळं वाटतं.

अँड्रॉइड ११ पासून पुढं सेटिंगमध्ये नोटिफिकेशन हिस्टरी पण आहे, ती आजच चालू करून ठेवा, कारण चालू केल्यानंतरचंच त्यात दिसतं. पोरांनी पट्टी साफ केली असली तरी आलं होतं की नाही ते तिथं कळतं.

कोडवाली_जळगाव
धुळेवाल्या दादांनी बरोबर सांगितलं. मी ॲप बनवणाऱ्या टीममध्ये काम करते, म्हणून आतलं थोडं लिहिते, त्याशिवाय कुठली सेटिंग का बदलायची ते कळत नाही.

प्रत्येक ॲप आपापल्या सर्व्हरशी सारखं बोलत नसतं, तसं केलं तर बॅटरी दुपारीच संपेल. अँड्रॉइडमध्ये गुगल प्ले सर्व्हिसेस एकच कनेक्शन उघडं ठेवतं आणि सगळ्या ॲपचे निरोप त्याच वाटेनं येतात, त्याला फायरबेस क्लाउड मेसेजिंग म्हणतात. आयफोनला ॲपलची स्वतःची अशीच व्यवस्था आहे. निरोप फोनच्या दारात आला की फोन त्या ॲपला उठवतो आणि मग तुम्हाला वाजतं. उठवणं अडलं की सगळं अडलं.

२०१५ मध्ये अँड्रॉइड ६ सोबत डोझ आलं. फोन चार्जिंगला नाही, हलत नाही, स्क्रीन बंद, असा बराच वेळ गेला की तो ॲपचं नेट आणि काम अडवून धरतो आणि मधूनमधून थोडा वेळ मोकळं सोडतो. अगदी थ्री फेजच्या पाळीसारखं, आली तेवढ्यात सगळ्यांनी भरून घ्यायचं. तातडीचा म्हणून पाठवलेला निरोप मात्र डोझमध्येही लगेच पोचवला जातो. पण तातडीचा की साधा हे पाठवणारी कंपनी ठरवते, तुम्ही नाही. म्हणून केळीवाले दादा, स्टार्टरच्या कंपनीला फोन करून सरळ विचारा, फेज गेल्याचा निरोप हाय प्रायॉरिटीने पाठवता का. साधा पाठवत असतील तर तुम्ही सेटिंगमध्ये काहीही केलं तरी रात्री तो उशिरा येऊ शकतो, आणि हे त्यांनीच दुरुस्त करायचं आहे.

दुसरी गोष्ट, रिसेंटमधून, म्हणजे नुकत्याच उघडलेल्या ॲपच्या यादीतून, ॲपं वर ढकलून साफ करायची पद्धत. साध्या अँड्रॉइडमध्ये त्यानं नोटिफिकेशन बंद पडत नाही, पण काही कंपन्यांच्या फोनमध्ये असं ढकललं की ॲप फोर्स स्टॉप केल्यासारखंच होतं. आणि फोर्स स्टॉप झालेल्या ॲपला तुम्ही हाताने उघडेपर्यंत एकही निरोप दिला जात नाही, हा अँड्रॉइडचाच नियम आहे. रात्री साफ करून झोपायचं आणि सकाळी उघडल्यावर सगळे येतात, हे चित्र ह्याच्याशी तंतोतंत जुळतं. क्लीनर, बूस्टर नावाची ॲपं पण हेच करतात.

पारोळेकर
ताई म्हंजे साफच नाही करायचं का? आमच्याकडं तर फोन घेतानाच शिकवतात की ॲप बंद करत जा, बॅटरी टिकते.

कोडवाली_जळगाव
नाही करायचं. अडकलं असेल, हँग झालं असेल तेवढंच एक बंद करा. साफ केलेलं ॲप परत उघडताना शून्यापासून चालू व्हावं लागतं, त्यात उलट जास्त बॅटरी जाते. न वापरलेल्या ॲपला फोन स्वतःच गोठवून ठेवतो.

धुळे_मोबाईल_दुरुस्ती
कंपनीनुसार कुठं जायचं ते लिहितो, व्हर्जनप्रमाणे नावं थोडी इकडंतिकडं होतात, पण शोधायचं हेच. ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, ॲप इन्फो उघडा. तिथं बॅटरीत तीन पर्याय असतात, अनरिस्ट्रिक्टेड, ऑप्टिमाइज्ड आन् रिस्ट्रिक्टेड. मोटरीच्या ॲपला अनरिस्ट्रिक्टेड. शाओमी, रेडमी, पोको असेल तर तिथंच ऑटोस्टार्ट चालू आन् बॅटरी सेव्हरमध्ये नो रिस्ट्रिक्शन्स. सॅमसंगमध्ये बॅटरी, मग बॅकग्राउंड युसेज लिमिट्स, तिथं स्लीपिंग आन् डीप स्लीपिंग अशा याद्या दिसतील, डीप स्लीपिंगमधलं ॲप तुम्ही उघडेपर्यंत उठतच नाही, तिथून काढून नेव्हर स्लीपिंगच्या यादीत टाका. रियलमी आन् ओप्पोमध्ये ऑटो लाँच आन् बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी दोन्हीला परवानगी द्या, एकच देऊन लोक थांबतात. विवोमध्ये ऑटोस्टार्ट आन् बॅकग्राउंडला जास्त बॅटरी वापरायची परवानगी.

आन् हे सगळ्या ॲपला करू नका हो. दुकानात येणारे एकदा कळलं की चाळीस ॲपला मोकळं सोडतात आन् मग बॅटरीची तक्रार घेऊन परत येतात. मोटर, मेसेजचं ॲप, ज्याच्यावाचून नुकसान होतं तेवढंच.

डेटा सेव्हर चालू असेल तर तोही बॅकग्राउंडचं नेट तोडतो. त्यात ठराविक ॲपला सूट द्यायची सोय असते.

चोपडा_बागायत
चांगला धागा. मला विजांच्या सूचनेचं विचारायचंय. पावसाळ्यापुरतं ते ॲप कामाचं, बाकी वर्षभर कोणी उघडत नाही. ह्या वर्षी मृगाच्या तोंडावर बघितलं तर ॲप जागेवर आहे पण एकही सूचना नाही.

कोडवाली_जळगाव
हे फार महत्त्वाचं विचारलंत, आणि ह्याच्यावर कोणी बोलत नाही. बरेच महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या अँड्रॉइड स्वतःहून काढून घेतं, अँड्रॉइड ११ पासून. अँड्रॉइड १२ पासून तर असं ॲप गोठवलंच जातं, नोटिफिकेशन पण बंद. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी घ्या, ते तुमच्या लोकेशनवरून आजूबाजूला २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असेल तर सांगतं, लोकेशनचीच परवानगी गेली तर ते बिचारं सांगणार कुठून. ॲप इन्फोमध्ये खाली 'न वापरल्यास ॲप थांबवा' अशा अर्थाचं बटण असतं, हंगामी ॲपसाठी ते बंद करा. लोकेशन 'नेहमी' वर ठेवा, 'वापरताना फक्त' वर नको. मे संपता संपता असं ॲप एकदा उघडून परवानग्या बघून घेतल्याच पाहिजेत. शेतात माणसं असतात, हा जिवाचा प्रश्न आहे.

अजून एक, अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ नंतर, नवीन टाकलेल्या ॲपला नोटिफिकेशनची वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा उघडल्यावर विचारतं, घाईत 'नको' दाबलं गेलं की ते ॲप कायमचं मुकं. केळीवाले दादा, तुम्ही ॲप काढून परत टाकलंत, तर ही परवानगी परत एकदा बघा.

धडगावचा_दादा
आमच्याकडं सातपुड्यात रेंजच अर्धा दिवस नसते. खाली शहाद्याकडं उतरलं की काही मेसेज येतात, काही येतच नाहीत. हे कशामुळे?

कोडवाली_जळगाव
दादा, फोन नेटमध्ये नसेल तर निरोप गुगलच्या सर्व्हरवर थांबून राहतो, जास्तीत जास्त चार आठवडे. पण किती थांबवायचा हे पाठवणारा ठरवू शकतो. फोन आत्ता नसेल तर टाकून द्या, असंही सांगता येतं. आणि एखाद्या ॲपचे शंभराच्या वर निरोप साठले तर ते सगळेच टाकले जातात, ॲपला फक्त इतकंच कळतं की काहीतरी हुकलं, उघडून बघ. म्हणून रेंजमध्ये उतरलात की महत्त्वाची ॲपं एकदा उघडायचीच, नोटिफिकेशनची वाट बघायची नाही. रेंज आल्यावरही काही येत नसेल तर फ्लाइट मोड लावून काढा, जुनं मेलेलं कनेक्शन सोडून फोन नवं जोडतो.

मास्तर_अमळनेर
लॅपटॉपचं मी सांगतो, शाळेत हेच बघत असतो. विंडोज ११ असेल तर विंडोजचं बटण आणि एन दाबा, उजवीकडून यादी उघडते. मेसेज तिथं साठलेले दिसले तर ते येत आहेत, फक्त कोपऱ्यात झळकत नाहीत, म्हणजे डू नॉट डिस्टर्ब चालू आहे. ते वर घंटीच्या चिन्हावर असतं. पण नुसतं तेवढं बंद करून भागत नाही. सेटिंग, सिस्टिम, नोटिफिकेशन्समध्ये गेलात की डू नॉट डिस्टर्ब आपोआप कधी लागावं त्याचा कप्पा आहे. प्रोजेक्टरला स्क्रीन जशीच्या तशी दाखवताना, एखादं ॲप पूर्ण स्क्रीनवर असताना, गेम खेळताना, ठराविक वेळात. आमच्या वर्गात प्रोजेक्टर दिवसभर जोडलेला असतो, त्यामुळं शिक्षक म्हणतात दिवसभर काही येत नाही आणि घरी गेल्यावर येतं, तर कारण हे. विंडोज १० मध्ये हेच काम फोकस असिस्ट करतं, आणि तिथं यादी विंडोज आणि ए दाबून उघडते.

त्याच पानावर खाली प्रत्येक ॲपचं वेगळं बटण आहे, क्रोमचं बंद असेल तर जीमेल गप्प, कारण विंडोजच्या दृष्टीनं ते क्रोमच आहे, आणि क्लासरूमच्या सूचना मेलनं येतात म्हणून त्याही दिसत नाहीत. मग क्रोमच्या आत साईटची परवानगी. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारा, नोटिफिकेशन ब्लॉक आहे का बघा. बरेच दिवस न उघडलेल्या साईटची परवानगी क्रोम स्वतः काढून घेतं. आणि क्रोमच्या इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे खाजगी खिडकीत, नोटिफिकेशन येतच नाही.

जीमेलमध्ये तर अजून एक दार आहे. लॅपटॉपवरच्या जीमेलच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉप नोटिफिकेशन बंदच असतं, 'नवीन मेल' किंवा 'महत्त्वाचे मेल' निवडून खाली सेव्ह करावं लागतं, सेव्हचं बटण पानाच्या अगदी तळाला आहे.

जीएसटी_ऑफिस_जळगाव
मास्तरांच्या म्हणण्याला जोड. आमच्याकडं मुदतीची कामं, एक मेल नजरेआड झाला तर क्लायंटला दंड. फोनवरच्या जीमेलमध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन 'सर्व', 'फक्त महत्त्वाचे' आन् 'काही नाही' असे पर्याय असतात. शिवाय मेल जीमेलच्या प्रायमरी कप्प्यात न पडता अपडेट्स नाहीतर प्रमोशन्सच्या कप्प्यात पडला तर वाजेलच असं नाही, त्या लेबलचं नोटिफिकेशन वेगळं चालू करावं लागतं. आम्ही पोर्टलवरून येणाऱ्या मेलसाठी फिल्टर लावून ते थेट प्रायमरीत आणले. कॉलेजच्या मेलला पण हेच करा.

साक्री_तुषार
मंडळी, एक नोटिफिकेशन फिक्सर म्हणून ॲप आहे, आमच्या ग्रुपवर त्याची एपीके (प्ले स्टोअरबाहेरून टाकायची ॲपची फाईल) आली आहे, टाकू का इथं?

धुळे_मोबाईल_दुरुस्ती
नको भाऊ, टाकू नका आन् तुमच्या फोनवर असेल तर आत्ताच काढा. असली ॲपं नोटिफिकेशन ॲक्सेस मागतात, तो दिला की ते तुमचं प्रत्येक नोटिफिकेशन वाचू शकतं आन् पुसू पण शकतं, ओटीपीसुद्धा. आन् सगळ्यांनीच एक ध्यानात ठेवा, बँकेचे मेसेज अचानक दिसेनासे झाले तर त्याला साधा बिघाड समजू नका. सेटिंगमध्ये नोटिफिकेशन ॲक्सेस शोधा, कोणाकोणाला दिलाय ते बघा, एसएमएसची परवानगी कोणाला आहे ते बघा. अनोळखी काही दिसलं तर नेट बंद करा, बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा.

केळीवाला_सावदा
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी सांगत नाही हो. ॲपची बॅटरी रिस्ट्रिक्टेड होती, अनरिस्ट्रिक्टेड केली, ऑटोस्टार्ट दिला, रिसेंट साफ करणं घरात सगळ्यांनी बंद केलं. दुपारी मुद्दाम मेन स्विच पाडून बघितला, फोन खाटेवर पडलेला होता, पट्टीत मेसेज लगेच आला, पण आवाज नाही. आता हे काय?

धुळे_मोबाईल_दुरुस्ती
झालं म्हंजे, मधल्या प्रकारातून तुम्ही पहिल्यात आलात. अँड्रॉइड ८ पासून एकाच ॲपमध्ये नोटिफिकेशनचे वेगवेगळे प्रकार असतात, प्रत्येकाचा आवाज वेगळा. आलेल्या नोटिफिकेशनवर बोट दाबून धरा, सायलेंट असेल ते बदला. मग ॲप इन्फोत नोटिफिकेशनमध्ये जाऊन फेजच्या सूचनेला मोठी रिंगटोन लावा, साध्या टिंगनं झोपलेला माणूस उठत नाही.

ग्रुपसाठी, व्हॉट्सॲपवर असेल तर म्यूट आन् अर्काइव्ह दोन्ही बघा. अर्काइव्हमध्ये गेलेला ग्रुप नवीन मेसेज आला तरी तिथंच पडून राहतो, तुमचं नाव घेऊन कोणी लिहिलं किंवा तुम्हाला उत्तर दिलं तरच वाजतो.

कोडवाली_जळगाव
दादा, सगळं जमलं तरी माझं एक ऐका, रात्रीच्या मोटरीसाठी फक्त ॲपवर राहू नका. पुश नोटिफिकेशन पोचेलच अशी हमी कोणीही देत नाही, गुगलही नाही आणि ॲपलही नाही. सिमकार्ड असलेले बरेच स्टार्टर कॉल किंवा एसएमएस करू शकतात, ती सोय असेल तर चालू करा. कॉलला डेटा लागत नाही, आणि डू नॉट डिस्टर्बमध्ये त्या नंबरला सूट देता येते, नंबर फेव्हरेटमध्ये टाका.

केळीवाला_सावदा
कॉलची सोय आहे म्हणे, डीलर उद्या येऊन नंबर टाकून देतो. ग्रुप अर्काइव्हमध्येच सापडला. पोरीचं मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे जीमेलचं बटण आन् क्रोमची परवानगी दोन्ही बंद होतं, तिच्या खोलीवर आता येतं, पण कॉलेजच्या वायफायवर फोनला काहीच येत नाही, डेटावर येतं.

कोडवाली_जळगाव
मग कॉलेजच्या फायरवॉलनं, म्हणजे नेटवर्कवर काय येऊ-जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या व्यवस्थेनं, वाट अडवली असणार. अँड्रॉइडचे निरोप ५२२८ ते ५२३० ह्या पोर्टवरून (नेटवर्कच्या क्रमांक दिलेल्या दारांतून) येतात, आयफोनचे ५२२३ वरून. तिला सांगा कॉलेजच्या नेटवर्क बघणाऱ्यांना हे आकडे लिहून द्यायला, त्यांना लगेच समजेल. तोवर तिथं डेटावर राहू दे. आणि तिच्या फोनमध्ये व्हीपीएन किंवा जाहिराती अडवणारं काही असेल तर आधी ते बंद करून बघा.

भुसावळ_जंक्शन
आयफोनवाल्यांसाठी पण दोन ओळी लिहा ना कोणीतरी.

कोडवाली_जळगाव
आयफोनमध्ये आधी फोकस (नोटिफिकेशन गप्प ठेवणारे मोड) बघा, आयओएस १५ पासून आहे, स्लीप, वर्क असे वेगवेगळे असतात आणि वेळेनुसार आपोआप लागतात. मग शेड्यूल्ड समरी, त्यात टाकलेल्या ॲपची साधी नोटिफिकेशनं ठरलेल्या वेळीच गठ्ठ्यानं येतात. आणि ॲपलच्या मेल ॲपमध्ये जीमेलचं खातं जोडलं असेल तर तिथं पुश नसतं, मेल ठराविक वेळानं ओढून आणले जातात, म्हणून उशीर होतो. जीमेलचं स्वतःचं ॲप टाका, त्यात लगेच येतात.